पारीवरची अर्धी ओळ

१२ जानेवारी १९३८, बुधवार

नागपूरला जाताना ह्यांनी ही वही माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, रोज लिही, इंग्रजी तारीख घाल आणि शुद्ध लिही. रोज लिहिण्यासारखं माझ्याकडे काय घडणार, ते मात्र सांगितलं नाही. हे म्हणजे माझे यजमान, टेकचंद मास्तर. मास्तरकीच्या पुढच्या ट्रेनिंगला गेलेत, उन्हाळ्यापर्यंत तिकडेच. तोवर मला तिरोड्याहून माहेरी आणून सोडलंय. वही इतके दिवस धानाच्या ढोलीवर पडून होती. आज काढली, कारण आज खरंच काही घडलं.

कौतीचं लग्न ठरलं. कौतिका, माझी धाकटी बहीण. मुलगा आमगावकडचा, घरची शेती, आणि बा सांगतो की मुलगा मोठा गुणाचा, मान खाली घालून बोलतो. कौती म्हणाली, "मान खाली घालून बोलते त मले दिसन कसा?" लग्न अक्तीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, मे महिन्यात.

सगळे खूश आहेत. मीही आहे. फक्त संध्याकाळी चुलीपाशी बसलो असताना कौती म्हणाली, "बाई, माझं गानं कोन करन?" आणि बा उठून बैलांकडे निघून गेला. माय जाऊन आता दोन वर्षं होतील.

ह्या वहीला आमच्या गावची रीत माहीत नसणार, म्हणून लिहिते. मांडवातली गाणी जुनी, ठरलेली. पण पोरीची दमणी, सासरी नेणारी बैलगाडी, दारातून निघाली की बाया जे गाणं म्हणतात ते त्या पोरीचं, तिच्यासाठी नवं केलेलं. एकदाच म्हणायचं, दुसरीच्या लग्नात ते चालत नाही. गावात हे गाणं माय करायची. भोजराज पाटलाची पोरगी बारा महिने खोकायची, तर मायनं तिचा खोकलासुद्धा गाण्यात घातला आणि बाया रडता रडता हसल्या.

गाणं असतं लांब. दमणी तलावाच्या पारीवर चढते, वळणावर झाडाआड होते, तरी बाया दारात उभ्या राहून म्हणतच असतात, धूळ खाली बसेपर्यंत. (पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. हे त्याला पाळ म्हणतात आणि मलाही तसंच म्हणायला लावतात.) म्हणजे ज्या पोरीसाठी गाणं केलं, तिला ते कधीच पुरतं ऐकू येत नाही. पारीच्या वळणापर्यंत जेवढं कानावर पडेल तेवढं तिचं.

बाची बहीण, आमची सुमित्रा फुपाबाई, म्हणाली, "मी देईन ना म्हनून. धुरपतावहिनीची इतकी गानी हायेत, जोडून-जाडून होऊन जाईन." धुरपता म्हणजे आमची माय. कौतीनं मान हलवली. "मले जोडलेलं नको. पुऱ्या गावच्या पोरीईले नवं भेटलं. माझं बाई करन."

बाई म्हणजे मी, शामकला. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

१६ जानेवारी, रविवार

आज सगळा दिवस माझंच गाणं डोक्यात. तेरा वर्षांची होते मी. दमणीत तोंड पदरात खुपसून बसले होते, तरी कान मागे दारात होते. मायचा आवाज असा काही गोड नव्हता, जाडच होता, पण लांब जायचा.

इस्तो झाकला बाई राखेच्या खाली,
तू आली का फुंकजो, मंग पेटल चूल.

पानी भरलं बाई, घागर उंबऱ्यापाशी,
तू आली का पेजो, मंग हालल पानी.

वाट झाडली बाई तलावाच्या पारीवर,

आणि इथे दमणी वळली. पुढे काय म्हणाली ते आजवर मला माहीत नाही. तू आली का काय? मी आले की काय करायचं होतं त्या वाटेचं? माय होती तेव्हा विचारायला लाज वाटली. एकदा विचारलं, तर म्हणाली, "आता कायले ते? चाल, धान वाळू घालू." मग ती गेलीच.

विहिरीवर मी बायांना विचारलं. त्या दिवशी दारात त्या सगळ्या होत्या. फुपाबाई घागर काखेत घेता घेता म्हणाली, "तू आली का चालजो, मंग उमटल पाय. असंच होतं, मले पक्कं याद हाय." धनवंताकाकी म्हणाली, "नाई वं, मंग बसल धूळ, असं होतं." दोघी भांडल्या. तिसरीनं तिसरंच सांगितलं. मायच्या ओळी अशा नसायच्या की कुणालाही कुठलीही आठवावी. मला वाटतं कुणी धड ऐकलंच नाही. रडण्यात सगळ्या पुढे.

ती एक ओळ मिळाली असती तर कौतीचं गाणं मला आपोआप जमलं असतं असं वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही.

२९ जानेवारी, शनिवार

होत नाही.

सकाळी शेण सारवताना एक ओळ सुचली, मी हात तसाच ठेवून गुणगुणले, आनंद झाला. दुपारी लक्षात आलं, ही मायनं गुलाबचंदच्या पोरीसाठी केली होती, मी फक्त गाय काढून म्हैस घातली. काल सुचलेली दुसरी ओळ चांगली दोन वेळा म्हणून पाहिली, तर कौतीच म्हणाली, "हे त पाटलाच्या घरचं." माझ्या डोक्यात मायनं रिकामी जागाच ठेवलेली नाही. कुठेही हात घातला की तिचंच काहीतरी हाताला लागतं.

आणि राग कौतीचा येतो. ती आरामात ओट्यावर बसून चिंच फोडत असते. चिचोके फेकत नाही, मागच्या भिंतीच्या भेगांत खोचून ठेवते, लहानपणापासूनची खोड. बा ओरडतो की भिंत पडेल. ती म्हणते झाड उगवेल. लग्न ठरलं तरी तीच.

९ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांचं पत्र आलं. मी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या, त्या दुरुस्त करून आल्यात. आधी दोन पानं उपदेश. नक्कल म्हणजे काव्य नव्हे. ग्रामीण बायका एकच एक गोष्ट घोळवतात, त्यात स्वतंत्र प्रतिभा नसते. तू शिकलेली आहेस, तुझं गाणं असं हवं की पूर्वी कुणी तसं म्हटलंच नाही. वाचून मला घाम फुटला. हे खरंच विद्वान आहेत. सूर्योदयावर त्यांनी एक कविता मासिकाला धाडली आहे. त्याआधी सूर्योदयावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं ते सगळं वाचून काढलं आणि मगच लिहिली, म्हणून ती अगदी स्वतंत्र झाली आहे असं कळवलंय.

माझ्या ओळींचं त्यांनी असं केलंय:

हे भगिनी, जाशी आज पतीच्या सदनी,
दाटला अश्रुंचा सिंधु आमुच्या नयनी.

यमक पक्कं जुळलंय. मी पाठ केलं आणि चुलीपाशी फुपाबाईला म्हणून दाखवलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनाची पोरगी जाऊन राहिली? कमिश्नरची?" कौती इतकी हसली की तिला उचकी लागली. मला राग आला, मग मीही हसले. पण पत्र जपून ठेवलं आहे. ते म्हणतात ते खोटं कसं असेल? पूर्वी कुणी म्हटलं नाही असं माझ्याकडे काय आहे? चूल आहे, घागर आहे, वाट आहे, तीही सगळी मायनं वापरून झाली.

२० फेब्रुवारी, रविवार

लाखोरीच्या डाळीचं पीक काढायला सुरुवात झाली. कौती बांधावर बसून हिरव्या शेंगा पदरात घेते आणि खातच राहते, कामाचं नाव नाही. घरी येताना पारीवरून अनवाणी चालते आणि मला म्हणते, "बाई, पाय पाह्य, धूळ कशी गरम लागते." मागचं दार कधी लावत नाही, साखळी तशीच लोंबकळत ठेवते. रात्रभर वाजते. मी उठून लावते. मे नंतर कुणाला उठावं लागणार नाही.

गाण्याचं काही नाही.

६ मार्च, रविवार

काल मायच्या माहेरी आले. गोंदियाहून छोट्या गाडीनं बालाघाट, तिथून पुढे बैलगाडी. बाला सांगितलं की मामाला लग्नाचं आमंत्रण द्यायला जाते. खरं म्हणजे तुरजामामीकडे आले. ती मायच्या बरोबरीची, मायच्या लग्नाच्या आधीपासून ह्या घरात सून म्हणून आलेली. माय दरसाल इथे यायची. वाटलं, ती ओळ कधीतरी बोलून गेली असेल.

मामी आता वाकली आहे, पण जीभ सरळ. मी गाणं म्हणून दाखवलं. इस्तो, पानी. ती मध्येच म्हणाली, "हे तुले कोनं शिकवलं?"

"मायनं. माझ्या लग्नात केलं होतं, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी? बाप्पा! हे त धुरपताचं गानं होय. तिच्या मायनं केलेलं. ती हिथून गेली तवा ह्याच दारात म्हनलं. मी होती ना बाजूले उभी."

मी म्हटलं, मामी, तुमची गल्लत होतेय. ती म्हणाली, "इस्तो बी तेच, घागर बी तेच. पर पारीचं नोतं. हिथं कुठी तलाव हाय? हिथं नदी हाय."

मग मी विचारलं की आजीचं गाणं पुढे कसं होतं. मामी हसायला लागली. दात नाहीत, तरी छान हसते.

"तुझी माय बी हेच इचारे. दरसाली ये आन् पहिले हेच इचारे. वहिनी, घागरीच्या पुढं काय होतं? तिची गाडी नदीत उतरली ना, पान्याच्या आवाजात तिले आईकू नाई आलं. मी काय सांगू? मी बी रडून राहिली होती, मले बी याद नोतं. मंग एक डाव मी म्हनलं, तुले जे वाटते ते म्हन, माय वं, मले नोको सताऊ."

९ मार्च, बुधवार

घरी परतले. दोन दिवस वहीत लिहिलं नाही, कारण जे लिहायचं ते लिहिण्यासारखं नाही.

पण लिहितेच, ह्यांनी सांगितलं आहे खरं लिही म्हणून. (तसं नाही सांगितलं, शुद्ध लिही म्हणाले होते.) मला जुनं गाणं मिळालं. साऱ्या गावच्या पोरींना मायनं नवं केलं. भोजराज पाटलाच्या खोकणाऱ्या पोरीला नवं. जिच्या घरी मायला पाटावर बसायलासुद्धा सांगत नव्हते तिला नवं. आणि पोटच्या पोरीला आपलं उतरलेलं. बारा वर्षं मी ते गाणं सासरी मनातल्या मनात म्हणत आले, धान कांडताना म्हणत आले, तापात म्हणत आले, की हे माझं, हे फक्त माझं, हे दुसऱ्या कुणाचं नाही. आणि ते माझं नव्हतंच.

गाडीत खिडकीशी बसून मी रडले. समोरच्या बाईनं विचारलं, "कोई गुजर गया क्या?" मी मान हलवली. हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही.

१९ मार्च, शनिवार

होळी झाली. आज कौतीला सांगून टाकलं, माझ्याकडून होणार नाही, फुपाबाई जोडून म्हणेल.

मला वाटलं ती भांडेल. तिनं घागर उचलली आणि विहिरीवर गेली. परत आली तेव्हा घागर अर्धीच भरलेली होती. ती नेहमी इतकी भरून आणते की वाटभर सांडत येते, आजवर तिची घागर अर्धी पाहिली नव्हती. संध्याकाळी बा मला म्हणाला, "काऊन वं, पोरीले काय म्हनलीस?" मी काही नाही म्हटलं. बा म्हणाला, "तुझी माय बी तुझ्या लग्नाच्या टायमाले अशीच करे. कोनाशी सीधं बोलेच नाई. मले वाटे पाव्हन्यायचं काई चुकलं का काय."

मायला तेव्हा काय झालं होतं कुणास ठाऊक. लग्नाची दगदग असेल.

१० एप्रिल, रविवार

मोहाचं फूल पडतंय. सगळ्या गावाला त्याचा वास. कौती पहाटे वेचायला जाते, मला हाक मारत नाही.

मायची इतकी आठवण मला ती गेली तेव्हा आली नव्हती. तिच्यावर रागावले आहे म्हणून की काय, सारखी दिसते. ओट्यावर बसून पायाला तेल चोळते, पुटपुटते, ओठ हलतात, आवाज नाही. गाणं करताना ती अशीच करायची. मी विचारायचे, काय म्हणतेस? तर म्हणायची, "काई नाई, जमून नाई राहिलं." मला वाटायचं तेलाचं म्हणते.

५ मे, गुरुवार

घर पाहुण्यांनी भरलंय. आज हळद झाली. हे नागपूरहून आलेत, नवं धोतर, नवा चष्मा. मासिकाकडून सूर्योदय परत आला. ह्यांचं म्हणणं, संपादकाला समजला नाही.

दुपारी मी आणि फुपाबाई मागच्या अंगणात डाळ निवडत होतो. ती उद्यापरवाच्या गाण्याची जोडणी करत होती. ह्या पोरीची एक ओळ, त्या पोरीची दुसरी. मध्येच तिनं माझी घेतली, इस्तो झाकला बाई. मला राहवलं नाही. मी म्हटलं, ते घेऊ नका, ते मायचंही नाही, आजीचं आहे, मायनं मला जुनंच टिकवलं. सगळं बोलले. डाळ सुपातून सांडली.

फुपाबाईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "कोन म्हनते टिकवलं? तुझ्या लग्नाच्या आधी वहिनी दोन महिने येडीसारखी फिरे. करे आन् मोडे, करे आन् मोडे. मले म्हने, सुमित्रा, दुसऱ्याच्या पोरीचं जमते वं, आपल्या पोरीचं तोंडातून निंघत नाई. आखरीले तिनं मायचं गानं काढलं. तेवढंच तिच्यापाशी होतं."

"मग पारीची ओळ? ती तर आजीची नाही."

"ते तिचीच. तेवढी तिनं केली."

"आणि पुढची?"

फुपाबाई डाळीकडे पाहत राहिली. खडे नव्हते तरी निवडत होती.

"तुम्ही म्हणाला होता पक्कं याद आहे. उमटल पाय."

"ते मी म्हनलं. वहिनीनं नाई म्हनलं. वाट झाडली बाई तलावाच्या पारीवर, इतकं म्हनली आन् तुझी दमणी वळली, आन् तिचा आवाजच बंद झाला. आमी तिच्या तोंडाकडे पाहून राहिलो. रीत हाय ना, गानं अर्धं सोडू नये. मंग ज्याले जे सुचलं ते म्हनलं. मी पाय म्हनलं, धनवंतानं धूळ म्हनलं. तुले काऊन सांगू मी? तू इतक्या आशेनं इचारस."

म्हणजे ती ओळ कधी नव्हतीच.

मी उठून पारीवर गेले. ऊन होतं, वाटेवर कुणी नव्हतं. वळणापाशी उभी राहून मी आमच्या दाराकडे पाहिलं. इथून दार स्पष्ट दिसतं, मला ते माहीत नव्हतं, त्या दिवशी मी पदरात तोंड घालून बसले होते. बारा वर्षं मी ह्या वळणाच्या अलीकडे काहीतरी राहिलंय म्हणून शोधत होते, आणि ती तिकडे दारात उभी राहून गप्प झाली होती. माझ्यासाठी गप्प झाली होती. माय, मला तू पाहिजे होतीस. ओळ नव्हती पाहिजे.

परत आले तेव्हा कौतीच्या अंगाला हळद लागलेली होती आणि तरी ती मागच्या भिंतीशी उभी राहून चिचोके खोचत होती. मी तिला म्हटलं, गाणं मी म्हणेन. ती म्हणाली, "नवं?" मी म्हटलं, "नाही. जुनं आहे. जिथपर्यंत आहे तिथपर्यंत जुनं."

तिला काय कळलं कुणास ठाऊक. हळदीच्या हातानंच तिनं मला धरलं, लुगडं पिवळं करून टाकलं.

८ मे, रविवार

काल कौती गेली.

बैल सजवलेले होते, घुंगरांचा आवाज, बाजा, मुलाकडचे घाई करत होते, आमगावकडे पोचायला दिवस बुडेल म्हणून. मुलगा खरंच मान खाली घालून बोलतो. कौती दमणीत बसली, पदर तोंडावर. बा तिकडे पाहतच नव्हता, बैलाच्या वेसणीची गाठ तीन-तीनदा बांधत होता. मी दारात उभी राहिले, माय उभी राहायची तिथेच. बाया माझ्या मागे. माझा आवाज मायसारखा लांब जात नाही, मला माहीत होतं. म्हणून पोटापासून काढला.

इस्तो झाकला बाई राखेच्या खाली,
तू आली का फुंकजो, मंग पेटल चूल.

मागून म्हाताऱ्या बाया कुजबुजल्या, हे त शामकलाचं, आपलंच म्हनून राहिली. म्हणू देत. दमणी हलली.

पानी भरलं बाई, घागर उंबऱ्यापाशी,
तू आली का पेजो, मंग हालल पानी.

दमणी पारीवर चढली. मी मायची ओळ म्हटली, तिची स्वतःची, तेवढीच. वाट झाडली बाई तलावाच्या पारीवर. कौतीनं पदर काढला आणि मागे वळून पाहिलं. मी नाही पाहिलं होतं, तिनं पाहिलं. मग दमणी वळली आणि झाडाआड गेली.

माझाही आवाज बंद होऊ लागला. फुपाबाईनं माझ्याकडे पाहिलं, ती तोंड उघडून तिचे पाय म्हणायला तयारच होती. मी हात वर केला, थांबा. आणि काहीही विचार न करता जे आलं ते म्हटलं.

वाट झाडली बाई तलावाच्या पारीवर,
तू नाई आली तरी मी झाडीन रोज.

भिंतीत खोचले बाई चिचोके तुझे,
बा काढू म्हने, मी काढू देत नाई.

साखळी वाजते बाई मागच्या दाराची,
वाजू दे रातभर, मी लावत नाई.

आणखीही होतं. शेंगांचं, गरम धुळीचं, सांडत्या घागरीचं. म्हणत होते तोवर येत गेलं, थांबले तेव्हा धूळ बसली होती. फुपाबाईनं पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

ह्यांनी रात्री जेवताना सांगितलं की पहिले दोन भाग माझे नाहीत, ते जुने आहेत, आणि पुढच्यात यमक कुठेच जुळत नाही. मी म्हटलं, नाही जुळत. आणि त्यांना आणखी भात वाढला. त्यांना वाटलं मला वाईट वाटलं, म्हणून त्यांनी सूर्योदय वाचून दाखवला.

आज सकाळी उठून मी पारीवरची वाट झाडली. नवरदेवाच्या मंडळींनी विड्याची पानं आणि फुलं टाकली होती. कुणीतरी विचारलं कायले झाडता. मी म्हटलं, असंच.

५ जून, रविवार

कौती पहिल्यांदा माहेरी आली आहे, चार दिवसांसाठी. भरल्या तोंडानं बोलते, सासूची नक्कल करते, नवरा आता मान वर करून बोलतो म्हणे. उंबऱ्यातून आत आली ती सरळ मागच्या भिंतीकडे गेली, चिचोके आहेत की नाहीत ते पाहायला. होते.

दुपारी जेवण झाल्यावर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, मले पारीपर्यंत सारं आईकू आलं. वाट झाडली बाई, इथपर्यंत. मंग झाड आलं. पुढं काय म्हनलीस?"

ओळ माझ्या जिभेवर होती. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण वळणापर्यंतचं तेवढंच तिचं, पुढचं दारात उभं राहणारीचं. मी तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हटलं, "फुपाबाईला विचार. ती होती ना बाजूला."

ती उठली, धावत अंगणात गेली. फुपाबाई सावलीला तांदूळ निवडत बसली होती. मला इथून दोघी दिसत होत्या. फुपाबाईनं एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, कौतीला जवळ बसवलं आणि तिच्या कानाशी अगदी खात्रीनं म्हणाली, "तू आली का चालजो, मंग उमटल पाय. मले पक्कं याद हाय."

कौती ते हळूहळू म्हणून पाहत होती. मला ऐकू येत होतं.